मिलिटरीत जेवण

जुन्या बंगळुरात ‘मिलिटरी’ हा शब्द नुसता कानावर पडला तरी माणसाला भूक लागते. रविवारी सकाळी कॉटनपेठ, बळेपेठ, कब्बनपेठ या बाजूला गेलात तर एक शेजारी दुसऱ्याला ‘मिल्ट्रीगे होगोणवा?’ असं विचारताना सहज ऐकू येईल. मिलिटरीला जाऊ या का? विचारणाऱ्याला मटण खायचं असतं. या शहरात मिलिटरी हॉटेल म्हणजे सामिष जेवणाची खाणावळ. आत शिरायला ना ओळखपत्र लागतं, ना गणवेश. भिंतीवर बहुधा देवाची तसबीर असते, एखाद्या ठिकाणी शिवाजी महाराजांची, गल्ल्यावर मालक बसलेला असतो आणि आतून मिरी-लवंगेचा, शिजत्या हाडांचा वास येत असतो.

मी मूळची कोल्हापूरची. तांबड्या-पांढऱ्या रश्शावर वाढलेल्या माणसाला दुसऱ्या गावचं मटण सहसा पटत नाही. मिलिटरी हॉटेलचं मात्र पहिल्या घासापासून पटलं. सकाळी इडलीबरोबर ‘काल सूप’ मिळतं, म्हणजे पायाचा रस्सा. दुपारी ‘मुद्दे’, म्हणजे नाचणीचा वाफाळता उंडा. त्याचा लचका तोडून रश्शात बुडवायचा आणि न चावता गिळायचा. चावलात तर शेजारच्या टेबलावरचा म्हातारा हटकून शिकवायला येतो, आणि त्याचं शिकवणं ऐकावं. खिम्याचे गोळे असतात, त्यांना ‘खैमा उंडे’ म्हणतात. बोटी, भेजा, कलेजी, ‘तलेमांस’ म्हणजे मुंडीचं मटण, असं जनावराचं काहीही वाया न घालवणारं हे स्वयंपाकघर आहे. आणि दोन्ने बिर्याणी. ‘दोन्ने’ म्हणजे आपला द्रोण. बारीक, आखूड तांदळाचा, पुदिना-कोथिंबिरीने हिरवट झालेला हा भात पानाच्या खोल द्रोणात ठासून येतो. केशर नाही, तळलेला कांदा वर पेरलेला नाही. हैदराबादी बिर्याणीचा दिमाख त्यात नाही, पण भर भुकेच्या वेळी मला विचाराल तर मी हीच मागेन.

शब्द इंग्रजी, आणि त्याच्यामागे लॅटिन. ‘मिलेस’ म्हणजे सैनिक, त्यावरून ‘मिलितारिस’, म्हणजे सैनिकाचं, सैन्याविषयीचं. इंग्रजीत ते मुळात विशेषण. पुढे ‘द मिलिटरी’ म्हणून नामही झालं. मराठीने ते नाम म्हणूनच उचललं आणि घरात आणलं. ‘थोरला मिलिटरीत आहे’ या वाक्यात आपल्याकडे अभिमान, काळजी आणि मनीऑर्डर एकदम ऐकू येतात. मिलिटरी बूट, मिलिटरी शिस्त, मिलिटरी रंग हे सगळं त्याच अर्थाच्या आसपास फिरतं. बंगळुरात मात्र या शब्दाने तो सगळा परिसर सोडून थेट चुलीपाशी ठाण मांडलं. मुंबई-पुण्यातून आलेल्या मराठी माणसाला हा अर्थ सांगावा लागतो. बंगळुरच्या रिक्षावाल्याला सांगावा लागत नाही.

हा शब्द या शहराला नवा नव्हता. श्रीरंगपट्टणहून हलवलेली इंग्रजांची फौज 1809 साली बंगळुरात स्थिरावली आणि जुन्या पेठेच्या ईशान्येला छावणी वसली. 1881 मध्ये म्हैसूरचं राज्य वडियार घराण्याला परत मिळालं, तरी छावणीचा भाग इंग्रजांनी स्वतःकडेच ठेवला आणि त्याचं सरकारी नावच होतं ‘सिव्हिल अँड मिलिटरी स्टेशन’. 1947 पर्यंत एकाच गावात दोन कारभार होते. एकीकडे महाराजांचं ‘सिटी’, दुसरीकडे इंग्रजांचं ‘स्टेशन’. दोन्ही नगरपालिका 1949 मध्ये एक झाल्या. रस्त्यांची नावं अजून साक्ष देतात. इन्फंट्री रोड, ब्रिगेड रोड, आर्टिलरी रोड. आजचा महात्मा गांधी रस्ता पूर्वीचा साउथ परेड, आणि कामराज रस्ता पूर्वीचा कॅव्हलरी रोड. कॅन्टोन्मेंट स्टेशनला कन्नडमध्ये ‘दंडु’ म्हणतात. दंडु म्हणजे सैन्य, सैन्याचा तळ.

म्हणून बरेच लोक सरळ जोड लावतात. गोऱ्या फौजेसाठी मटण शिजवणाऱ्या खाणावळी, त्यांचं नाव मिलिटरी हॉटेल. ऐकायला बरोबर वाटतं, पण नकाशा हातात घेतला की हे फारसं टिकत नाही. जुनी, नावाजलेली मिलिटरी हॉटेलं छावणीत कमी आणि पेठेत जास्त आहेत. केंपेगौडाने 1537 साली वसवलेली ही पेठ विणकरांची, व्यापाऱ्यांची, तालीमबाजांची होती. गोरा शिपाई या बोळांत रोज नाचणीचा उंडा गिळायला येत असेल, हे मला पटत नाही. शिवाय पाट्या वाचा. कॉटनपेठेतलं एस. जी. राव यांचं हॉटेल 1908 पासूनचं म्हणून ओळखलं जातं. एक गोविंदराव मिलिटरी हॉटेल आहे. जयनगरला शिवाजी मिलिटरी हॉटेल आहे, आणि तिथल्या बिर्याणीसाठी लोक रांगा लावतात. रंगण्णा, नायडू, गौडा ही नावंही पुढे आली आणि त्यांनीही आपल्या हाताची चव दाखवली. पण जुन्यात जुन्या पाट्यांवर राव आहेत, आणि हे राव मराठे आहेत.

आता कर्नाटकात ‘राव’ या एका अक्षरजोडीवरून काहीच कळत नाही. देशस्थ माध्व ब्राह्मण राव असतात, उडुपीकडचे हॉटेलवाले राव असतात आणि क्षत्रिय मराठेही राव असतात. दारावर नुसतं ‘राव हॉटेल’ लिहिलं तर आत डोसा मिळेल की पाया, हे येणाऱ्याने कसं ओळखायचं? चुकून आत शिरलेल्या माणसाच्या दृष्टीने त्या काळी हा धर्मसंकटाचा प्रश्न होता. ‘मिलिटरी’ या शब्दाने तो दारातच सोडवला. कोणता राव, हे त्या शब्दाने सांगितलं. जात न उच्चारता सांगितलं, मांस न उच्चारता सांगितलं, आणि सांगताना मान खाली घातली नाही. या शब्दाचं खरं काम मला हे वाटतं.

मराठे इथे आले कसे, ते आपल्याकडच्या शाळकरी मुलालाही थोडंफार ठाऊक असतं. विजापूरच्या रणदुल्लाखानाने 1638 च्या सुमारास बंगळूर घेतलं आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आलं. राजांचा मुक्काम इथे राहिला, दरबार इथे भरला. त्या दरबारातल्या जयराम पिंड्ये या कवीने अनेक भाषा मिसळून रचलेला ‘राधामाधवविलासचंपू’ इतिहासाचार्य राजवाड्यांनी संपादून प्रसिद्ध केला, म्हणून त्या बहुभाषक बंगळुराची चाहूल आपल्याला लागते. पुढे व्यंकोजीराजे तंजावरला गेले. 1687 मध्ये मोगलांनी बंगळूर घेऊन ते म्हैसूरच्या चिक्कदेवराजांना दिलं आणि त्याची किंमत तीन लाख रुपये सांगितली जाते. राज्य गेलं, पण सगळी माणसं परत फिरली नाहीत. म्हैसूरच्या घोडदळाला पुढेही ‘सिल्लेदार’ म्हणत. तो आपला शिलेदार. बारगीर हाही शब्द तिथे रुळलेला. तलवारीची चाकरी करणाऱ्या कुळांना एक ना एक दिवस दुसरं काम शोधावं लागतंच. ज्या घरात शिकार-मटण शिजवायची रीत होती, त्यातल्या काही घरांनी ती रीत रस्त्यावर आणली. पूर्वजांचा पेशा पाटीवर राहिला आणि पोटाचा धंदा पाटीखाली चालू झाला, अशी माझी समजूत आहे. तिला कागदाचा आधार द्यायचं काम अजून कुणीतरी करायला हवं.

माझे मामा मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार होऊन निवृत्त झाले. बेळगावच्या सेंटरला रंगरूट म्हणून गेले तेव्हा मिसरूडही नीट फुटलं नव्हतं, असं आजी सांगायची. ते माझ्याकडे राहायला आले होते तेव्हा मी त्यांना पेठेतल्या अशाच एका हॉटेलात घेऊन गेले. पाटी वाचून ते दारातच थांबले. सदऱ्याचं वरचं बटण लावलं, केसांवरून हात फिरवला आणि मग आत आले. मी काही बोलले नाही. त्या शब्दापुढे तसंच उभं राहायची त्यांच्या अंगाला सवय होती.

आम्ही आपापसांत मराठी बोलत होतो, ते गल्ल्यावरच्या म्हाताऱ्या मालकांनी ऐकलं. थोड्या वेळाने ते स्वतः उठून आमच्या टेबलाशी आले.

“तुम्ही कुठचे?” त्यांनी मराठीत विचारलं. हेल पुरता कन्नड होता.

“कोल्हापूरचे. तुम्ही मराठे काय?” मामांनी विचारलं.

“होय. शहाजीराजांबरोबर आलो म्हणून आमचे आजोबा सांगायचे.”

“घरात मराठी बोलता?”

“घरात हेच बोलतो. लिहायवाचायला कन्नड.”

मामांनी त्यांना बसायला जागा करून दिली. मग दोघांचं पायाच्या रश्शावर, मिरीच्या प्रमाणावर, पोरांच्या नोकऱ्यांवर बोलणं झालं. मालकांना कोल्हापूर पाहायचं होतं. तुळजापूरला जाऊन आले होते, कोल्हापूर राहून गेलं होतं. निघताना मामा मला म्हणाले, “अपशिंग्यासारखंच की गं हे.”

सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावाच्या नावापुढे लोक ‘मिलिटरी’ लावतात. अपशिंगे मिलिटरी. घराघरातून माणूस फौजेत गेलेलं हे गाव. पहिल्या महायुद्धात गावचे 46 जण कामी आले, आणि त्यांची आठवण म्हणून कोरलेला फलक गावात आहे. तिथे हा इंग्रजी शब्द गावाचं आडनाव झाला, इथे तो दुकानाचं आडनाव झाला. दोन्हीकडे तो मराठी माणसांनीच मिरवला. मामांना हे माझ्याआधी उमगलं, कारण शब्दकोशातून न जाता ते आयुष्यातून त्या शब्दापर्यंत आले होते. म्हैसूरच्या लान्सर्सनीही 23 सप्टेंबर 1918 रोजी हैफाच्या लढाईत घोडे घातले होते. त्या काळच्या बंगळुरात घोडेस्वाराचं घर आणि खाणावळ फार लांब नसणार.

मराठीतही या जेवणाला उघड नाव द्यायला आपण बिचकत आलो आहोत. आमच्याकडे नव्या पाहुण्याला विचारतात, ‘तुम्ही खाता ना?’ काय खाता, ते कुणी बोलत नाही. क्रियापदाला कर्मच नाही, तरी दोघांना कळतं. ‘तुम्हाला चालतं का?’ हे त्याहून सौम्य. ‘त्यांच्यात चालतं’ हे तिसऱ्याविषयी, जरा आवाज उतरवून. गावाकडे ‘वशाट’ म्हणतात, पण शहरात आलेली मुलं तो शब्द दारातच काढून ठेवतात. कोकणात आणि बेळगावकडे सागुती म्हणतात, तो शब्द देखणा आहे, पण तो एका पदार्थाचा. ‘सामिष’ पुस्तकात राहिला. इतकी मोठी भाषा, समुद्रापासून सह्याद्रीपर्यंत मासे-मटण खाणारी बहुसंख्य माणसं, आणि त्यांच्या जेवणाला चारचौघांत ठणठणीतपणे घेता येईल असं नाव नाही. मला याचं फार वाईट वाटतं.

मग आला ‘नॉनव्हेज’. या शब्दावर माझा राग आहे, तो लपवायचं कारण नाही. अमुक नसलेलं, हे काय नाव झालं? इंग्रजांच्या देशात मांस खाणं ही सर्वसाधारण गोष्ट होती, तिला नाव लागत नव्हतं. नाव लागलं ते न खाणाऱ्यांना. इंग्लंडमधल्या रॅम्सगेट इथे 1847 साली व्हेजिटेरियन सोसायटी निघाली, त्याच सुमारास तो शब्द रुळला. आपण तो शब्द घेतला, त्याला मधोमध बसवलं आणि बाकी सगळ्यांना त्याच्या नकारात ढकललं. शाकाहार हा मापदंड, आणि त्याच्या बाहेरचे ते ‘नॉन’. देशातली बहुसंख्य माणसं ज्या शब्दाने ओळखली जातात तो शब्द त्यांच्याविषयी काहीही सांगत नाही, फक्त ती कोण नाहीत ते सांगतो. हिरवा ठिपका आणि तपकिरी खूण पाकिटांवर आली तेव्हा ही वाटणी रंगांतही झाली.

‘मिलिटरी’ हा शब्द या नकाराच्या वाटेला गेलाच नाही. त्याने स्वतःचं काही सांगितलं. आम्ही मेहनतीची माणसं, अंगात बळ लागणारी माणसं, हे आमचं अन्न. पेठेतल्या ‘गरडी मने’ म्हणजे आपल्या तालमी, तिथले पैलवान, बिन्नी मिलमधले कामगार, हमाल, गाडीवाले यांना दिवसभर पुरेल असं खाणं हवं होतं, आणि पाटीवरचा शब्द त्यांना शोभत होता. कोल्हापुरात तालमीच्या बाजूला दूधकट्टा असतो, इथे पायाचा रस्सा होता. कुणीही कुणाला ‘चालतं का’ असं विचारत नव्हतं.

समोरच्या बाजूलाही याच काळात पाट्या लिहिल्या जात होत्या, आणि त्या वाचल्याशिवाय ही गोष्ट अर्धी राहते. आज जगभर नाव असलेली मावळ्ळी टिफिन रूम 1924 मध्ये सुरू झाली तेव्हा तिचं नाव ‘ब्राह्मिन कॉफी क्लब’ होतं. 1960 मध्ये ते बदललं. शंकरपुरातला ब्राह्मण्स कॉफी बार अजूनही त्याच नावाने चालतो, आणि तिथली इडली-चटणी खाऊन मी तृप्त होऊन परतते. एका बाजूला जात सरळ पाटीवर, दुसऱ्या बाजूला पेशा. बाहेर जेवणं हेच जिथे कठीण होतं, पंगतीत कोण कुणाशेजारी बसेल यावर हॉटेलांत वेगळ्या जागा असत, त्या काळात दोन्ही पाट्यांनी गिऱ्हाइकाला एकच गोष्ट सांगायची होती: इथे कुणाच्या हातचं आणि काय. फरक असा की पहिली पाटी वाचून काही माणसं दाराशीच थबकत असतील. ‘मिलिटरी’ वाचून कुणाला थबकावं लागलं नाही. ज्याला खायचं तो आत आला.

या शब्दाचा मुलूख बंगळुरापुरता नाही. तमिळनाडूतही मटणाच्या खाणावळींना मिलिटरी हॉटेल म्हणतात. चेन्नईत वेलू मिलिटरी होतं, मदुरैकडच्या जुन्या माणसांना तो शब्द सांगावा लागत नाही. तंजावरापर्यंत मराठी फौजा गेल्या त्याच वाटेने हा शब्द गेला, असं म्हणायचा मोह होतो. पण इंग्रजी छावण्याही त्याच वाटेवर होत्या, म्हणून मी तो मोह आवरते.

आपल्याकडे याच्या जवळचा शब्द म्हणजे ‘परमिट रूम’. दारूबंदीच्या कायद्याने परवाना सक्तीचा केला, आणि दारू पिण्याच्या जागेला कायद्यातलाच इंग्रजी शब्द चिकटला. तिथे इंग्रजीने पडदा धरला. बंगळुरात इंग्रजीने पडदा धरलाच, पण पडद्यामागच्या माणसाची मानही वर ठेवली. म्हणून परमिट रूमचा अभिमान बाळगणारं घराणं मी पाहिलं नाही, आणि मिलिटरी हॉटेलवाल्यांच्या चौथ्या पिढीला पणजोबांचं नाव अभिमानाने सांगताना पाहिलं आहे.

कन्नड माणसांना स्वतःचा असा एक ठणठणीत शब्द आहे, ‘बाडूट’. बाडु म्हणजे मांस, ऊट म्हणजे जेवण. डिसेंबर 2024 मध्ये मंड्याला 87वं अखिल भारत कन्नड साहित्य संमेलन भरलं, तेव्हा तिथल्या मांडवात मांसाहाराला मनाई असल्याचं कळताच लोकांनी बाडूट वाढा अशी मागणी उघडपणे केली. मंड्या म्हणजे नाचणीचा आणि मटणाचा मुलूख, त्यामुळे वाद पेटला. साहित्याच्या पंगतीत कुणाचं अन्न बसतं, हा त्यातला प्रश्न होता. आपल्या साहित्य संमेलनांत जेवणावर पुष्कळ बोललं जातं, पण हा प्रश्न इतक्या स्पष्टपणे, इतक्या गावरान शब्दात विचारलेला मला आठवत नाही. तो विचारायला ‘नॉनव्हेज’ हा शब्द कामाचा नाही, आणि ‘खाता ना?’ हेही नाही.

सध्या मिलिटरी हॉटेलांना पुन्हा चांगले दिवस आले आहेत, असं वर्तमानपत्रं लिहितात. संगणक कंपन्यांतली मुलं रांगेत उभी राहतात, खाण्याचे व्हिडिओ करणारे येतात, नव्या वस्त्यांत ‘मिलिटरी’ नाव लावलेली चकचकीत दुकानं निघाली आहेत. बायका एकट्या जाऊन जेवतात. पूर्वी आम्हाला आतल्या ‘फॅमिली’ नावाच्या खोलीत बसवत, आता मी बाहेरच्या बाकावर बसून मुद्दे खाते. हे सगळं मला आवडतं. पण पेठेतली जुनी दुकानं बंदही होत आहेत. भाडं परवडत नाही, मुलं दुसऱ्या धंद्यात गेली, पहाटे उठून मसाला वाटायला माणूस मिळत नाही. दुकान बंद झालं की स्वयंपाकघरातली मराठीही थांबते. त्या घरांत भांड्यांना, मसाल्यांना, मटणाच्या तुकड्यांना जे शब्द आहेत, त्यांत जुनी मराठी, कन्नड, उर्दू असं काय काय मुरलेलं आहे. ते एकदा गेलं की कुठल्याही कोशातून परत काढता येणार नाही. तंजावर मराठीवर थोडंफार काम झालं. बंगळुरच्या या मराठ्यांच्या बोलीला तेवढंही मिळालेलं नाही.

बंगळुरात आज नोकरीनिमित्त आलेली मराठी माणसं पुष्कळ आहेत. गणेशोत्सव, दिवाळी पहाट, नाटकाचे प्रयोग हे सगळं आपण हौसेने करतो. त्यातली एखादी रविवारची सकाळ राखून ठेवा आणि पेठेतल्या एखाद्या जुन्या मिलिटरीत जा. गर्दी ओसरेपर्यंत थांबा, पोटभर खा, मग मालकांशी मराठीत बोला. ते कन्नडमधून उत्तर देतील, तरी बोलत राहा. घरातली आजी अजून असेल तर तिला भेटायची परवानगी मागा, आणि ती रश्शाला, वाटणाला, पळीला काय म्हणते ते तिच्या आवाजात ध्वनिमुद्रित करून ठेवा.